पार्सलने आलेली अंडी: एकही फुटलं नाही, मग पिल्लं चारच का?

कडकनाथ कोंबडीची बारा अंडी उबवायला कुरिअरने मागवली. खोका उघडला तर एकही फुटलेलं नाही. इन्क्युबेटरच्या, म्हणजे अंडी उबवण्याच्या मशीनच्या पुस्तिकेत सांगितलं होतं तसं तापमान ३७.५ अंशांवर ठेवलं, पाणी घातलं, २१ दिवस काढले आणि पिल्लं निघाली चार. मग फोनाफोनी सुरू होते. अंडी विकणारा म्हणतो, ‘माल ९० टक्के फर्टाइल होता, तुमच्या मशीनमध्ये गडबड असणार.’ मशीनवाला म्हणतो, ‘अंडीच बाद असतील.’ कुरिअरवाला विचारतो, ‘एक तरी फुटलं होतं का?’

तिघेही खरं बोलत असू शकतात. घरामागच्या खुराड्यातून सकाळी उचललेलं अंडं आणि पाचशे किलोमीटर हादरे खाऊन आलेलं अंडं बाहेरून सारखंच दिसतं, पण मशीनमध्ये दोघांना एकाच मापाने वागवून चालत नाही. पुस्तिका लिहिलेली असते ती खुराड्यातल्या अंड्यासाठी. पार्सलच्या अंड्यांतून निम्मी पिल्लं निघाली तर या कामातले लोक समाधानी असतात. बारातून चार हा निकाल वाईट आहे, पण अजब नाही.

## ‘९० टक्के फर्टाइल’ म्हणजे ९० टक्के पिल्लं नव्हेत

फर्टाइल म्हणजे फलित. कोंबड्याशी संयोग झालेल्या कोंबडीचं, जीव धरू शकेल असं अंडं. एवढाच त्याचा अर्थ. विकणारा स्वतःकडची काही अंडी फोडून किंवा मशीनला लावून हा आकडा काढतो, आणि आठ-दहा कोंबड्यांमागे एक तगडा कोंबडा असेल तर तो आकडा खराही असतो.

पण फलित अंड्यांतूनसुद्धा सगळी पिल्लं निघत नाहीत. समजा, बारापैकी अकरा अंडी फलित आहेत. न हललेली, ताजी अंडी चांगल्या घरगुती मशीनमध्ये लावली तर अकरातून आठ-नऊ निघावीत. त्यातून प्रवासाने तिसरा हिस्सा नेला की उरली सहा. मशीनचं तापमान अर्ध्या अंशाने चुकलं की चार. यात कोणी कोणाला फसवलेलं नाही. भाव ठरवताना मात्र हा हिशोब डोक्यात ठेवा, कारण निघालेल्या पिल्लांतले साधारण निम्मे कोंबडे असतात.

## न फुटलेल्या अंड्याच्या आत काय बिघडतं?

अंड्याच्या कवचाखाली दोन पापुद्रे असतात. बाहेरचा कवचाला चिकटलेला, आतला पांढऱ्या बलकाभोवती. अंडं घातल्यावर ते थंड होतं, आतला ऐवज किंचित आकसतो आणि बोथट टोकाला या दोन पापुद्र्यांमध्ये हवा शिरते. हीच हवेची पोकळी. पिल्लू बाहेर यायच्या एक-दोन दिवस आधी चोचीने आतला पापुद्रा फाडून याच पोकळीत पहिला श्वास घेतं. पोकळी जागच्या जागी नसेल तर २० दिवस व्यवस्थित वाढलेलं पिल्लूही शेवटच्या टप्प्यात गुदमरतं.

ट्रकच्या हादऱ्यांनी आतला पापुद्रा बाहेरच्यापासून सुटत जातो. मोबाइलची टॉर्च बोथट टोकाला लावून अंडं हळूच तिरकं करा. चांगल्या अंड्यात पोकळीची कड जागेवर राहते. सुटलेल्या पोकळीची कड अंड्याबरोबर हलते, गवंड्याच्या लेव्हल पट्टीतला बुडबुडा सरकतो तशी. काही अंड्यांत पोकळी दोन्ही बाजूंना खाली उतरून घोड्याच्या खोगिरासारखी दिसते. तिला आपण खोगीर पोकळीच म्हणू.

दुसरं नुकसान बलकाचं. पिवळ्या बलकाला दोन्ही बाजूंनी पांढऱ्या पिळदार दोऱ्यांनी मधोमध धरून ठेवलेलं असतं, आणि पिवळ्यावर जो फिकट ठिपका दिसतो तिथे जीव वाढतो. दोऱ्या तुटल्या की बलक तरंगत जाऊन पापुद्र्याला टेकतो. अगदीच जोरात आदळआपट झाली असेल तर पिवळं-पांढरं आतच एक होतं. अशा अंड्यात टॉर्च लावली की बलकाची सावली दिसत नाही, नुसता गढूळ उजेड दिसतो. त्यातून काही निघत नाही.

तिसरं कारण उष्णता, आणि आपल्याकडे हेच सगळ्यात जास्त दुर्लक्षिलं जातं. घातलेल्या अंड्यात पेशींची वाढ आधीच सुरू झालेली असते. अंडं साधारण २० अंशांच्या खाली गेलं की ती थांबते आणि जीव शांत राहतो. उबवणीची अंडी १५ ते १८ अंशांत ठेवतात ती यासाठीच. आता मे महिन्यात सोलापूरहून निघालेला खोका दुपारी बंद गाडीत ३८ अंश सोसतो, रात्री गोदामात २६ अंशांवर येतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा तापतो. वाढ सुरू, मंद, परत सुरू. असा जीव मशीनमध्ये पोचेपर्यंतच थकलेला असतो आणि बहुधा पहिल्या तीन-चार दिवसांत संपतो.

चौथं वय. सात दिवसांपर्यंत नीट ठेवलेलं अंडं चालतं, त्यापुढे रोज त्याची ताकद घटते. पाच दिवस गोळा केलेली, दोन दिवस पॅक होऊन पडलेली आणि तीन दिवस प्रवासात घालवलेली अंडी तुमच्या हातात पडतात तेव्हा त्यातली काही दहा दिवसांची असतात.

## ‘एक्स-रेने मेली’ असं म्हणतात, ते?

ते सोडून द्या. सामान तपासण्याच्या यंत्राचा किरणांचा डोस इतका कमी असतो की त्याने अंड्यातला जीव मरत नाही. दोष शोधायचा तर हादरे, उष्णता आणि दिवस या तीन गोष्टींत शोधावा.

## मागवण्याआधी विचारायचे प्रश्न

‘ताजी आहेत का?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे. उत्तर कायम ‘हो’च येतं. सगळ्यात जुनं अंडं कोणत्या तारखेचं, हे विचारा. पार्सल सोमवारी किंवा मंगळवारी टाकायला सांगा, म्हणजे रविवारी डेपोत पडून राहणार नाही. बोथट टोक वर, प्रत्येक अंड्याला फोम किंवा बबल रॅपचं स्वतंत्र वेटोळं, आणि बंद खोका कानाशी हलवला तर आत काहीही हलता कामा नये, इतकं गच्च पॅकिंग हवं. नुसत्या भुशात ठेवलेली अंडी प्रवासात भुसा खाली बसला की एकमेकांवर आपटतात. खोक्यावर ‘ही बाजू वर’ लिहिलेलं असतं ते हमालाच्या सोयीने वाचलं जातं, त्यावर भिस्त ठेवू नका.

एप्रिल-मे टाळा. विदर्भात, मराठवाड्यात तर टाळाच. खोलीच ४० अंशांवर गेली की मशीनही हतबल होतं: घरगुती इन्क्युबेटरला गरम करता येतं, थंड करता येत नाही.

कडकनाथबद्दल एक सावधगिरी. २०१८ मध्ये मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या कडकनाथला भौगोलिक मानांकन मिळालं आणि या अंड्यांना गिऱ्हाईक वाढलं. इंटरनेटवर काळ्याकुट्ट अंड्यांचे फोटो लावून कोणी ‘अस्सल कडकनाथ’ विकत असेल तर लांब राहा. या कोंबडीचं मांस, कातडी, तुरा काळा असतो. अंडं मात्र फिकट तपकिरी, मलईच्या रंगाकडे झुकणारं. अंड्यावरून जात ओळखता येत नाही, त्यामुळे ज्याच्याकडची आई-बापांची जोडी व्हिडिओ कॉलवर तरी बघितली आहे, त्याच्याकडूनच घ्यावीत.

काही रोग अंड्यातूनच पिल्लात उतरतात. पांढरी हगवण करणारा पुलोरम आणि श्वसनाचा मायकोप्लाझ्मा हे त्यातले नेहमीचे. म्हणून पार्सलच्या अंड्यांची पिल्लं महिनाभर तरी जुन्या कोंबड्यांत मिसळू नयेत. बर्ड फ्लूच्या काळात बाधित भागातून अंड्यांची ने-आण बंद असते. २००६ मध्ये बर्ड फ्लूमुळे नवापूरला काय झालं ते नंदुरबारकडच्या कोंबडीवाल्यांना विचारा. अशा वेळी ‘गुपचूप पाठवतो’ म्हणणाऱ्याकडून घेऊ नये.

आणि मशीन नवं असेल तर पहिली खेप पार्सलची लावूच नका. शेजारच्या वाडीवरून, कोंबडा असलेल्या घरातून दहा-बारा गावठी अंडी पिशवीत हळू आणा आणि ती लावून बघा. त्यातून आठ निघाली तर मशीनवर विश्वास ठेवता येईल. महागडी अंडी घेऊन मशीनची परीक्षा पाहिली की शेवटी दोष कोणाचा हे कधीच कळत नाही.

## थर्मोकोलच्या पेटीतला कंट्रोलर

घरगुती मशीन म्हणजे बहुतेक ठिकाणी थर्मोकोलचा किंवा प्लॅस्टिकचा डबा, बल्ब किंवा हीटर, छोटा पंखा आणि एक तापमान कंट्रोलर. स्वस्तातला, सगळीकडे मिळणारा डब्ल्यू-१२०९ हा कंट्रोलर नवा येतो तेव्हा थंड करण्याच्या सेटिंगवर असतो. सेट बटण दाबून धरलं की पी-० दिसतं, तिथे ‘सी’ बदलून ‘एच’ करावं लागतं. त्याहून महत्त्वाचं पी-१. त्यात मुळात २ असतं, म्हणजे ३७.५ ला बल्ब बंद होतो आणि ३५.५ पर्यंत खाली आल्यावरच परत लागतो. ही दोन अंशांची वर-खाली पिल्लांना महागात पडते. पी-१ ला ०.२ किंवा ०.३ करा. सेन्सर अंड्यांच्या वरच्या कडेच्या उंचीला ठेवा, बल्बच्या थेट उजेडात नको.

कंट्रोलरच्या आकड्यावर विसंबू नका. ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर सेन्सरशेजारी धरून पडताळा. फरक असेल तर पी-४ मध्ये दुरुस्ती करता येते. पंखा असलेल्या पेटीत ३७.५ अंश ठेवायचे. बिनपंख्याच्या पेटीत वर गरम आणि खाली गार असे थर होतात, म्हणून अंड्यांच्या माथ्याजवळ ३८.५ च्या आसपास लागतात. ही दोन मापं एकमेकांत मिसळली की हमखास घोटाळा होतो.

हवेतला दमटपणा दाखवणाऱ्या स्वस्त मीटरची परीक्षाही घरात होते. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, पाण्याचे थेंब टाकून ओल्या वाळूसारखं करा, मीटरसकट झिपच्या पिशवीत बंद करा आणि रात्रभर ठेवा. मीटरने ७५ टक्के दाखवायला हवेत. ६८ दाखवत असेल तर मीटर सात टक्के कमी बोलतो असं कागदावर लिहून पेटीलाच चिकटवा.

अंडी येण्याच्या आधी २४ तास पेटी रिकामी चालू ठेवा.

## खोका आल्यावर घाई करू नका

अंडी लगेच पेटीत टाकणं ही सगळ्यात सर्रास होणारी चूक. आधी एकेक अंडं टॉर्चवर बघा. हवेच्या पोकळीची कड शिसपेन्सिलीने कवचावर आखून ठेवा. मार्करने नको, त्याची शाई छिद्रांतून आत जाते. केसाएवढी चीर उजेडात पांढऱ्या रेषेसारखी चमकते. चीर पडली असेल पण गळत नसेल, तर मेणबत्तीच्या मेणाचा पातळ थेंब ओढून बुजवता येते, आशा मात्र कमी. गळणारं अंडं फेका. ते आठवड्यात कुजतं आणि गरम पेटीत फुटलं तर बाकीची सगळी नासवतं.

अंडी धुवायची नाहीत. कवचावर नैसर्गिक संरक्षक थर असतो, तो गेला की जंतूंना हजारो बारीक छिद्रांची वाट मोकळी होते. वाळलेली घाण कोरड्या कापडाने हलकेच काढा.

मग अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये बोथट टोक वर ठेवून १२ ते २४ तास स्वस्थ राहू द्या. या काळात पोकळी पुन्हा वर चढून बसायला लागते. फ्रिजमध्ये ठेवायचं नाही, तिथली थंडी जास्तच होते. घरातली सगळ्यात गार, उन्हाची तिरीप न येणारी जागा निवडा. खोलीच ३० अंशांची असेल तर २४ तासांचा हट्ट नको, बारा तासांत लावून टाका. तेवढ्या उष्णतेत ठेवलेलं अंडं विश्रांती घेत नसतं, अर्धवट उबत असतं.

पेटीत ठेवल्यावर तापमान खाली येईल. आकडा वाढवू नका. थंड अंड्यांचा गाभा तापायला चार-पाच तास लागतात, तोवर मशीन आपलं काम करत असतं.

## मग फिरवायची की नाही?

यावरून कोंबडीवाल्यांत बरीच भांडणं होतात. फिरवलं नाही तर वाढणारा जीव पापुद्र्याला चिकटतो, हे खरं. खुडूक कोंबडी दिवसभर चोचीने अंडी सरकवत असते ती उगाच नाही. पण सैल पोकळीचं अंडं आडवं टाकून मोटरवर लोळवलं तर पोकळी आणखी सुटते, हेही तितकंच खरं.

मधला मार्ग निघतो तो वेळापत्रकावरून. फिरवण्याची सर्वांत जास्त गरज तिसऱ्या ते सातव्या दिवसांत असते. म्हणून पोकळी सैल असलेल्या अंड्यांना पहिले दोन दिवस अजिबात हलवू नये. फार तर तीन. पाच-सात दिवस न फिरवण्याचा सल्लाही ऐकायला मिळतो, पण तो नेमका गरजेचा काळ खाऊन टाकतो, म्हणून तो न घेतलेला बरा.

त्यानंतरही या अंड्यांना आडवं लोळवायचं नाही. अंडी उभीच, बोथट टोक वर, पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये राहतील. हवा खेळावी म्हणून ट्रेच्या प्रत्येक खळग्याच्या तळाला भोक पाडा. ट्रेच्या एका बाजूखाली लाकडाचा ठोकळा सरकवून तो साधारण ४५ अंशांत कलता करा. पुढच्या वेळी ठोकळा दुसऱ्या बाजूला. दिवसातून किमान तीनदा, जमलं तर पाचदा. विषम आकडा अशासाठी, की रात्रीचा लांब पल्ला रोज एकाच कुशीवर जाऊ नये. पोकळी घट्ट असलेली अंडी वेगळी काढून नेहमीच्या फिरत्या ट्रेवर ठेवायला हरकत नाही.

## पाणी किती घालायचं? वजनकाट्याला विचारा

पुस्तिका म्हणते, पहिले १८ दिवस ४५ ते ५५ टक्के दमटपणा ठेवा. सल्ला बरोबर आहे, पण तो आपल्याकडच्या ऋतूंत बसवावा लागतो. जुलैत रत्नागिरीला बाहेरची हवा २७ अंश आणि ९० टक्के दमट असते. तीच हवा पेटीत ३७.५ पर्यंत तापली की तिचा दमटपणा आपोआप ५० टक्क्यांवर येतो. म्हणजे पावसाळ्यात कोकणात पाण्याची वाटी ठेवायचीच गरज नाही. ठेवली तर अंड्यांतलं पाणी पुरेसं उडत नाही. उलट, पुण्यातली थंडीतली २० अंशांची, निम्मी दमट हवा पेटीत जाऊन १८ टक्क्यांवर उतरते. तिथे वाटी रिकामी राहिली तर अंडी सुकतात. एकाच मशीनने एकाला यश आणि दुसऱ्याला अपयश दिलं, तर अनेकदा कारण एवढंच असतं.

खरा निकष दमटपणाचा आकडा नसून अंड्याचं घटलेलं वजन आहे. छिद्रांतून पाणी उडून १८ दिवसांत अंड्याचं वजन साधारण १२ टक्के घटायला हवं. ११ ते १३ चालतं. तेवढं घटलं तरच पोकळी पुरेशी मोठी होते. सोनाराकडच्यासारखा छोटा डिजिटल काटा घ्या. गावठी अंडं ४५ ग्रॅमचं धरलं तर बारा अंडी ५४० ग्रॅम भरतात. सातव्या दिवशी ती ५१५ च्या आसपास आणि अठराव्या दिवशी ४७५ च्या आसपास यायला हवीत. मध्ये अंडी काढून टाकली तर त्यांचं सुरुवातीचं वजन वजा करून हिशोब नव्याने मांडा. त्यासाठी पहिल्या दिवशीच प्रत्येकावर पेन्सिलीने वजन लिहिलेलं असावं. सातव्या दिवशी वजन ५२५ वरच अडकलं असेल तर पाणी कमी करा किंवा हवेचं भोक थोडं मोठं करा. ५०० वर उतरलं असेल तर पाण्याचा पृष्ठभाग वाढवा. वाटी खोल करून काही होत नाही, पसरट केली तर होतं.

## सातव्या दिवशी टॉर्च, आणि मोह आवरणं

रोज रोज अंडी उचलून बघू नका. सातवा, चौदावा आणि अठरावा दिवस पुरे. सातव्या दिवशी जिवंत अंड्यात कोळ्याच्या पायांसारख्या लाल शिरा आणि मधोमध हलणारा गडद ठिपका दिसतो. नितळ अंडं म्हणजे फलितच नव्हतं किंवा पहिल्या दिवसांतच गेलं. शिरा नाहीत आणि एकच लाल कडं दिसतं, ते तिसऱ्या-चौथ्या दिवशी मेलेलं. शंका असेल ते अंडं चौदाव्या दिवसापर्यंत राहू द्या. पण वास येणारं किंवा कवचावर पिवळसर थेंब घामासारखे जमलेलं अंडं त्याच क्षणी बाहेर.

## लाइट गेली तर?

घाबरण्याची गरज वाटते त्यापेक्षा कमी आहे. पेटी ३२ अंशांपर्यंत उतरून तीन-चार तास राहिली तर वाढ मंदावते, पिल्लं थोडी उशिरा निघतात, एवढंच. उलट पेटी ४०.५ अंशांवर अर्धा तास गेली तरी घात होऊ शकतो. म्हणून लाइट गेली की झाकण उघडू नका, पेटीवर गोधडी टाका. हवेची भोकं मात्र पूर्ण बुजवू नका. चौदाव्या दिवसानंतर पिल्लं स्वतः उष्णता सोडतात आणि त्यांना हवाही जास्त लागते. लांबलचक भारनियमन असेल तर कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून आत ठेवता येते. लाइट आली की भरपाई म्हणून तापमान वाढवू नका.

## अठराव्या दिवसापासून झाकण बंद

अठराव्या दिवशी फिरवणं थांबवा, वजन आणि टॉर्च एकदा शेवटची करा, दमटपणा ६५ ते ७० टक्क्यांवर न्या, हवेची भोकं जरा जास्त उघडा आणि झाकण लावा. सैल किंवा खोगीर पोकळीची अंडी या टप्प्यातही ट्रेमध्ये उभीच राहू द्या. आडवी टाकली तर पोकळी घसरून पिल्लाची चोच भलतीकडे लागते.

अंडी पाण्यात तरंगवून जिवंत-मेलेली ओळखण्याची जुनी पद्धत पार्सलच्या अंड्यांना लावू नका. बारीक चीर असली तर पाणी आत जातं, आणि चोच मारलेलं पिल्लू बुडतं.

कवचावर पहिला तडा गेल्यापासून पिल्लू बाहेर यायला १२ ते २४ तास लागू शकतात. मधल्या वेळात ते थकून झोपतं, शेवटचा बलक पोटात ओढून घेतं, पापुद्र्यातल्या रक्तवाहिन्या बंद करतं. आधी निघालेलं पिल्लू वाळेपर्यंत आतच राहू द्या. पोटातल्या बलकावर ते दोन दिवस काढतं. एक दिवसाची पिल्लं डब्यांतून दूरवर पाठवता येतात ती यामुळेच. प्रत्येक पिल्लासाठी झाकण उघडलं की आतला दमटपणा पडतो, आणि अर्धवट फुटलेल्या अंड्याचा पापुद्रा कागदासारखा वाळून पिल्लाला जखडतो.

## पण ते ओरडतंय, मदत करू का?

तडा जाऊन २४ तास झाले नसतील तर नाही. त्यानंतरही पापुद्र्यात लाल शिरा दिसत असतील तर नाही. शीर फाटली की पिल्लू रक्त जाऊन मरतं. पापुद्रा पांढरा-तपकिरी, कोरडा झाला असेल तरच कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने तो ओला करा आणि बोथट टोकाकडचं कवच थोडं थोडं काढा. रक्ताचा ठिपका दिसला की थांबा, तासाभराने पुन्हा बघा. पार्सलच्या अंड्यांत पिल्लू कधी कधी टोकदार बाजूने चोच मारतं. तिथे श्वासापुरतं भोक मोकळं ठेवायचं आणि वाट बघायची.

एकविसाव्या दिवशी सामसूम असली तरी मशीन बंद करू नका. जुनी अंडी आणि किंचित थंड पेटी या दोन्हींनी निकाल लांबतो. तेविसावा दिवस उलटेपर्यंत थांबा.

## उरलेली अंडी फोडल्याशिवाय फेकू नका

दोष कोणाचा, याचं उत्तर इथे मिळतं. उघड्यावर, नाकाला रुमाल बांधून, बोथट टोकाकडून फोडा.

अंडं नितळ आहे आणि पिवळ्यावर फक्त छोटा, वेड्यावाकड्या कडांचा घट्ट पांढरा ठिपका दिसतो, तर ते फलितच नव्हतं. ठिपक्याभोवती नीट गोल कडं असेल किंवा किंचित वाढलेला पापुद्रा दिसत असेल, तर अंडं फलित होतं आणि अगदी सुरुवातीला गेलं. पहिल्या प्रकारची बारात चार-पाच असतील तर विकणाऱ्याशी बोला. दुसऱ्या प्रकारची आणि लाल कड्याची मिळून तेवढी असतील तर प्रवास, उष्णता किंवा जुनी अंडी हे कारण धरावं. मात्र गावठी अंड्यांच्या चाचणीतही अशीच लाल कडी दिसली असतील तर आधी थर्मामीटर तपासा.

पूर्ण वाढलेलं पिल्लू, पोकळी लहान, अंगावर चिकट पाणी: पेटी पहिले १८ दिवस फार दमट होती. पूर्ण वाढलेलं पण पापुद्रा अंगाला आवळून वाळलेला: शेवटी दमटपणा कमी पडला किंवा झाकण वारंवार उघडलं गेलं. ही दोन्ही खापरं मशीन चालवणाऱ्याच्या माथी. पण पिल्लू धडधाकट, वजनाची घट बरोबर आणि पहिल्या दिवशी आखलेली पेन्सिलीची रेघ सांगते की पोकळी खोगिरासारखी होती, तर तो कुरिअरचा हादरा एकवीस दिवसांनी समोर आलेला असतो.

अंड्यांवरच्या पेन्सिलीच्या खुणा, खोका उघडतानाचा व्हिडिओ आणि सातव्या दिवसाचे टॉर्चचे फोटो विकणाऱ्याला पाठवा. चांगला विकणारा नितळ निघालेल्या अंड्यांचा आकडा स्वतःहून विचारतो, कारण आपला कोंबडा म्हातारा झालाय का, हे त्यालाही त्यातूनच कळतं.